चालता-फिरता असेपर्यंतचं शहर



'म्हातारपण काढावं तर पुण्यात,' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. हवा चांगली, पाणी मुबलक, दवाखाने हाकेच्या अंतरावर, सकाळी बाग, संध्याकाळी व्याख्यान किंवा कीर्तन, बोलायला चार माणसं. कुणी नोकरीतून निवृत्त झालं की सोलापूर-नागपूरहून इथे फ्लॅट बघायला येतं. पुण्याला 'पेन्शनरांचं शहर' असं नावच पडलेलं आहे, आणि ते काही खोटं नाही. पण गेल्या वर्षी माझ्यावर अशी एक वेळ आली की या नावात कोण कोण बसतं आणि कोण बसत नाही, याचा मला पहिल्यांदा विचार करावा लागला. आज त्याबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी जरा मागे, दीडशे वर्षं मागे जावं लागेल. चालेल ना?

झालं असं, की माझी आत्या, वय वर्षं ८६, न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. थोड्या दिवसांत दवाखान्यातून सांगितलं, "आता घरी न्या." पण न्यायचं कुठे? आत्याला मूलबाळ नाही, काका जाऊन बरीच वर्षं झाली. मी स्वतः पासष्टीची, माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रात्री दोनदा तिला उठवून बसवायचं तर माझेच गुडघे साथ देत नाहीत. म्हणून मी जागा शोधायला निघाले. जिथे तिला धरून उठवतील, कपडे बदलतील, वेळेवर औषध देतील, पाठीला जखमा होऊ देणार नाहीत, अशी जागा.

वृद्धाश्रम पुष्कळ सापडले. काही फार सुंदर होते. झाडं, देऊळ, वाचनालय, भजनाचा हॉल. पण एकामागून एक फॉर्म हातात आले आणि बहुतेकांवर एक अट होती : अर्जदार चालता-फिरता असावा, स्वतःची कामं स्वतः करणारा असावा. म्हणजे ज्याला आधाराची निकड नाही त्याला आधार मिळणार, आणि जी अंथरुणावर आहे तिला नाही. दुसरीकडे 'नर्सिंग होम' अशा पाट्या होत्या, तर आत बाळंतिणी आणि अपेंडिक्सचे पेशंट. मधली जागा, जिथे शुश्रूषा मिळेल आणि घरासारखं राहताही येईल, ती शोधता शोधता माझे तीन आठवडे गेले. तेव्हा मनात आलं, की हे शहर म्हातारपणाला चांगलं, असं म्हणणारे लोक कोण आहेत? ते चालते-फिरते आहेत, म्हणून तर असं म्हणत नाहीत ना?

म्हातारपणासाठी गाव निवडणं ही काही आजची गोष्ट नाही. पूर्वी लोक काशीवासाला जात. कुणी पंढरपूर धरी, कुणी नाशिक, कुणी आळंदी. आपण त्याला श्रद्धेची गोष्ट म्हणतो, आणि ती होतीच. पण बारकाईनं बघा, त्यात व्यवहारही होता. क्षेत्राच्या गावी नदीचा घाट असे, धर्मशाळा असे, अन्नछत्र असे, वर्षभर येणारी-जाणारी माणसं असत. एकट्या जिवाला दोन घास आणि कुणाची तरी सोबत मिळण्याची शक्यता तिथे जास्त होती. घरात नकोशा झालेल्या विधवा काशीला का पाठवल्या जात आणि काही स्वतःहून का जात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. गाव म्हाताऱ्या माणसाला मानवतं की नाही, याची परीक्षा तेव्हाही होत होतीच. फक्त तिची मापं मोक्षाच्या भाषेत सांगितली जात.

आता पुण्याकडे येऊ. १८१८ साली पेशवाई संपली, इंग्रजांचं लष्कर इथे राहिलं. १८५८ साली पुण्याला रेल्वे आली आणि १८६३ साली बोरघाटातला मार्ग सुरू झाल्यावर मुंबईशी सलग गाडी जोडली गेली. मुंबईचं सरकार पावसाळ्यात पुण्याला मुक्कामाला येऊ लागलं. आज जिथे विद्यापीठ आहे ती गणेशखिंडीची इमारत गव्हर्नरसाहेबांसाठीच बांधलेली. हवापालटाचं गाव म्हणून पुण्याची कीर्ती झाली. बगदादहून मुंबईत येऊन मोठे झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनीही इथे घर केलं. १८६४ साली ते पुण्यातच वारले. कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे.

ससून म्हटलं की आपल्याला स्टेशनजवळचं रुग्णालय आठवतं. ते १८६७ साली उघडलं. पण त्यांच्या नावाचं आणखी एक घर आहे, जे बहुतेकांना नुसतं 'निवारा' म्हणून माहीत असतं. नवी पेठेतलं. त्याचं जुनं नाव 'डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह'. तेही त्याच, १८६०च्या दशकातलं. त्या नावातला 'पंगू' हा शब्द आज आपल्याला कानाला बोचतो, आपण तो वापरत नाही, आणि ते बरंच आहे. पण क्षणभर त्या शब्दाकडे नीट बघा. हे घर उभारताना कुणाला डोळ्यांपुढे ठेवलं होतं? ज्याचे हातपाय चालत नाहीत आणि ज्याला कुणी नाही, त्याला. दारावरच त्याचं नाव लिहिलेलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या घराच्या नावात 'पंगू' होता आणि माझ्या हातातल्या फॉर्मांवर 'चालता-फिरता'. मधल्या काळात काय झालं, हे मला शोधावंसं वाटलं.

आणखी एक गोष्ट या घराची. ते बांधलं तेव्हा नवी पेठेची बाजू गावाची कड होती. अशी घरं गावाबाहेरच बांधायची, ही तेव्हाची रीत. पण पुढे शहर वाढत गेलं आणि त्या घराला वळसा घालून पुढे निघून गेलं. आज ते भर वस्तीत आहे. जवळून बस जाते, रिक्षा मिळते, येता-जाता माणूस डोकावू शकतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पण त्यामुळे तिथल्या माणसांना शहर मिळालं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

मग आला पेन्शनरांचा काळ. सरकारी नोकरीत पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हायचं आणि पुण्यात बंगली बांधायची, हे मध्यमवर्गाचं स्वप्न झालं. १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. त्या भागात, प्रभात रस्त्याला, पुढे एरंडवण्यात घरं उठत गेली. डोक्याला पगडी किंवा टोपी, हातात काठी, पायात वहाणा, संध्याकाळी पुलावर किंवा टेकडीच्या पायथ्याशी गप्पांचा कट्टा. या चित्रावर पुणेकरांनी कितीतरी विनोद केले. पण या चित्रात बाई कुठे आहे?

माझ्या आजीचं सांगते. आजोबा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांना पेन्शन होती. १९५८ साली ते गेले आणि पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद. कारण पेन्शन नोकरी करणाऱ्याची, तो गेला की ती संपली. केंद्र सरकारनं आपल्या नोकरांसाठी कुटुंबनिवृत्तिवेतनाची योजना १ जानेवारी १९६४ पासून लागू केली. त्याआधी सामान्य कारकुनाच्या विधवेला नवऱ्यामागे महिन्याच्या महिन्याला काही मिळेल, याचा भरवसा नव्हता. माझी आजी मग तीन मुलांकडे चार-चार महिने राहायची. त्याला घरात 'आजीची पाळी' म्हणत. एक लोखंडी पेटी घेऊन ती या घरातून त्या घरात जायची. कुणी तिला वाईट वागवलं असं नाही. पण पेन्शनरांच्या शहरात ती चाळीस वर्षं राहिली आणि शेवटी तिच्या नावावर एक पेटी होती. ज्या शहराला आजोबांच्या म्हातारपणासाठी शंभरपैकी नव्वद गुण पडले असते, त्याच शहराला आजीसाठी किती पडले असते?

असं नाही, की पुण्यात कुणाला हे दिसलं नव्हतं. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि लवकरच तो हिंगण्याला नेला. तिथे आलेल्या विधवा तरुण होत्या, काही तर मुलीच. त्यांना शिकवायचं, पायावर उभं करायचं, हा हेतू. आपण त्याला स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात ठेवतो. मला तो म्हातारपणाच्याही इतिहासातला वाटतो. वीस वर्षांच्या विधवेच्या हाताला काम मिळालं, तर सत्तराव्या वर्षी तिला पेटी घेऊन फिरावं लागत नाही. कर्वे स्वतः १०४ वर्षं जगले. म्हातारपण किती लांबू शकतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल!

दुसरं नाव रमाबाई रानडे यांचं. १९०९ साली पुण्याचं सेवासदन त्यांच्या पुढाकारानं उभं राहिलं. तिथे शिवण होतं, शिक्षिका तयार करण्याचे वर्ग होते, आणि परिचारिकांचं शिक्षणही होतं, ससून रुग्णालयाशी जोडलेलं. आज नर्स म्हटलं की आपण मान देतो. तेव्हा परक्या माणसाचं मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, हे 'चांगल्या घरच्या' बायकांचं काम मानलं जात नव्हतं. जातीची अडचण, सोवळ्याची अडचण, लोक काय म्हणतील ही अडचण. रमाबाईंनी विधवांना त्या कामात आणलं. 'नर्सिंग होम' या नावात दोन शब्द आहेत : शुश्रूषा आणि घर. पुण्यात कर्व्यांनी एकट्या बाईला घर दिलं आणि रमाबाईंनी शुश्रूषेला प्रतिष्ठा मिळवून दिली. दोन्ही गोष्टी शंभर वर्षांपूर्वी याच शहरात होत्या. त्या म्हाताऱ्या बाईसाठी एकत्र मात्र आल्या नाहीत.

का आल्या नाहीत, याचं एक उत्तर कायद्यात सापडतं. मुंबई राज्यानं १९४९ साली नर्सिंग होमांच्या नोंदणीचा कायदा केला. आजही महाराष्ट्रातले खाजगी दवाखाने त्याच कायद्याखाली नोंदवले जातात. त्यात नर्सिंग होमची व्याख्या आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बळ झालेल्या माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा केली जाते ती जागा, आणि त्यात प्रसूतिगृहही आलं. बघा, 'दुर्बळ' हा शब्द तिथे आहे. कायदा करणाऱ्यांना आत्यासारखी माणसं अगदीच सुचली नव्हती असं नाही. पण व्यवहारात काय झालं? नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचा छोटा दवाखाना, तोही बरेचदा बाळंतपणाचा, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला. दुर्बळांची सोय राहिली वृद्धाश्रमाकडे. आणि वृद्धाश्रम हा समाजकल्याणाचा विषय, आरोग्याचा नव्हे. एका खात्याकडे डॉक्टर-नर्स, दुसऱ्या खात्याकडे निवारा आणि जेवण. माझे तीन आठवडे ज्या मधल्या जागेच्या शोधात गेले, ती अशी दोन खात्यांच्या मध्ये पडलेली आहे.

कायदा असला आणि इमारत असली तरी आतलं आयुष्य कसं आहे, हे कसं कळणार? हा प्रश्न ज्यांच्याकडून आपण 'नर्सिंग होम' हा शब्द घेतला त्या इंग्लंडलाही पडला होता. तिथे १९४८ च्या कायद्यानं गरिबांची जुनी 'वर्कहाउसं' मोडीत काढून म्हाताऱ्यांसाठी नवी घरं द्यायचं ठरलं. दहा वर्षांनी पीटर टाउनसेंड नावाचे समाजशास्त्रज्ञ बघायला निघाले. त्यांनी १७३ संस्था पाहिल्या आणि १९६२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. अनेक ठिकाणी जुन्याच इमारती होत्या, फक्त पाटी बदललेली. टाउनसेंड यांनी खोल्या-खाटा तर मोजल्याच, पण साध्या गोष्टीही विचारल्या. माणसाकडे स्वतःच्या वस्तू किती आहेत? एकांत मिळतो का? दिवसभर करायला काही काम आहे का? कोण भेटायला येतं? मला हे वाचून आजीची पेटी आठवली. चार महिन्यांच्या पाळीतसुद्धा तिची ती पेटी होती, तिला कुलूप होतं, आणि किल्ली तिच्या कमरेला होती.

पुन्हा पुण्यात येऊ. १९७०-८० च्या दशकांत मुलं अमेरिकेला जायला लागली. नव्वदीनंतर हिंजवडीत संगणकाचे कारखाने आले तरी जाणं काही थांबलं नाही. पेन्शनरांच्या शहरात आता 'मुलगा तिकडे असतो' असं सांगणारे आईवडील वाढले. आयुष्यही वाढलं. स्वातंत्र्याच्या सुमाराला आपल्या देशात सरासरी आयुर्मान पस्तीसच्याही आत होतं, आता ते सत्तरीच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं सुमारे १० कोटी ३८ लाख निघाली, म्हणजे शंभरात साधारण साडेआठ. महाराष्ट्रात हेच प्रमाण शंभरात जवळजवळ दहा. आणि देशभरात या वयाच्या बायका पुरुषांपेक्षा जास्त.

सरकारनं काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. १९९५ साली राज्यात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली, पुण्यात कर्वेनगरला तो आहे. म्हणजे कर्व्यांच्या हिंगण्याच्याच परिसरात. स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानित वृद्धाश्रमांत निराधार पुरुषांना साठीनंतर आणि बायकांना पंचावन्नानंतर प्रवेश देण्याची तरतूद आहे. बाईचं म्हातारपण लवकर सुरू होतं, हे निदान कागदावर मान्य झालं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यासाठी बिल्डरांनी ज्येष्ठांच्या सोसायट्या बांधल्या, पुण्यातली 'अथश्री' त्यातली ठळक. न्हाणीघरात धरायला दांडे, रुंद दारं, घंटा दाबली की कुणी येणार. चांगली कल्पना. पण तिथे आधी फ्लॅट घ्यायला लागतो.

मग २००७ साल. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, वृद्धांना मानवणारी शहरं कशी असावीत याची मार्गदर्शिका काढली. जगातल्या ३३ शहरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून ती तयार केली. आपल्याकडचं दिल्ली होतं आणि उदयपूर होतं, महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. त्यांनी आठ अंगं सांगितली : मोकळ्या जागा आणि इमारती, वाहतूक, घर, लोकांत मिसळणं, मान, नागरिक म्हणून सहभाग आणि काम, माहिती मिळणं, आणि आरोग्य व आधाराच्या सेवा. बसायला बाक आहे का, संडास आहे का, म्हातारी बसेपर्यंत बसवाला थांबतो का, इतक्या बारीक गोष्टी त्यात आहेत. वाचताना मला वाटलं, हे तर आपल्या स्वयंपाकघरातलं बोलणं आहे.

दुसरी गोष्ट, आपल्या संसदेनं आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा केला. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. 'मला सांभाळशील' या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर ती बक्षिसी रद्द होऊ शकते. बायकांनो, हे कलम लक्षात ठेवा, तेविसावं. आणि दर जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांचा एक तरी वृद्धाश्रम टप्प्याटप्प्यानं काढावा, असंही त्यात आहे. मात्र मूळ शब्द 'काढू शकेल' असा आहे, 'काढलाच पाहिजे' असा नाही. कायद्यातल्या एका क्रियापदावर किती म्हाताऱ्यांची रात्र अवलंबून असते, बघा.

आता आजचं चित्र. २०२१ साली आणखी २३ गावं महापालिकेत आली आणि क्षेत्रफळात पुणं मुंबईच्या पुढे गेलं. मी पाहिलेल्या नव्या जागा बहुतेक धायरीच्या पुढे, वाघोलीकडे, भूगाव-मुळशीच्या रस्त्याला होत्या. कारण उघड आहे, तिथे जमीन परवडते. माहितीपत्रकात 'निसर्गरम्य परिसर' असं लिहिलेलं असतं. असतोही. पण मला दोन बस बदलून एका जागी पोचायला पावणेदोन तास लागले. म्हणजे मी आठवड्यातून एकदा जाईन, मग पंधरा दिवसांनी, मग दिवाळीला. दीडशे वर्षांपूर्वी जे घर गावाच्या कडेला बांधलं त्याला शहरानं पोटात घेतलं. आज आपण पुन्हा म्हाताऱ्यांना कडेला नेतो आहोत. शहर पुन्हा त्यांच्यापर्यंत पोचेल, पण आत्याकडे तेवढा वेळ नाही.

आणि तिथली कामं कोण करतं? मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून आलेल्या बायका. त्यांना 'मावशी' म्हणतात. ब्युरोमार्फत येतात, बारा-बारा तास उभ्या असतात. एका ठिकाणी पन्नाशीच्या एक मावशी आजीबाईंची कूस बदलत होत्या. इतक्या हलक्या हातानं, की बघत राहावं. मी विचारलं, "कुठे शिकलात?" म्हणाल्या, "सासूचं केलं सात वर्षं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझं कोण करंल, ते काय ठावं नाय." श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली महिना १५०० रुपये झाली. या मावशींना पासष्टीनंतर कदाचित ती मिळेल. सत्तरीपुढच्यांना आता आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते दवाखान्यात भरती असेपर्यंत. 'घरी न्या' म्हटल्यावर पुढे जे सुरू होतं, त्याचं काय? रमाबाईंनी ज्या कामाला मान मिळवून दिला, त्याच कामातली ही बाई. शहर म्हातारपणाला कसं आहे हे मोजायचं, तर तिचं म्हातारपणही त्यात मोजायला हवं.

म्हणून, मैत्रिणींनो, कुणी तुम्हाला विचारलं की अमुक शहर म्हातारपणाला कसं, तर बागा आणि मोठे दवाखाने मोजून उत्तर देऊ नका. चालता येणाऱ्याला जवळजवळ कुठलंही शहर चालतं. विचार करा तो न चालणारीचा. तिथे जागा बघायला गेलात तर पहिला प्रश्न हा विचारा, "आज चालणारी बाई उद्या अंथरुणाला खिळली, तर ठेवून घ्याल की परत पाठवाल?" उत्तर लेखी घ्या. डिपॉझिट परत कधी आणि किती मिळणार, तेही. दुसरं, रात्रीचं विचारा. दिवसा सगळीकडे माणसं दिसतात. रात्री अडीच वाजता किती जणींमागे एक मावशी असते? शक्य असेल तर संध्याकाळी सातनंतर, न कळवता जा. तिसरं, नाक उघडं ठेवून आत जा, वास खोटं बोलत नाही. चौथं, तिचं स्वतःचं कपाट आहे का, त्याची किल्ली कुणाकडे? आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही तिथे बसनं किंवा रिक्षानं, मनात आलं की जाऊ शकता का? जिथे भेटायला येणारं माणूस सतत असतं, तिथे हेळसांड व्हायची शक्यता कमी. आपण येत-जात राहणं हीसुद्धा एक तपासणीच.

आत्याला शेवटी जागा मिळाली ती शहराच्या आतच. जुन्या बंगल्याचा तळमजला, नऊ खाटा, बाग नाही, देऊळ नाही. खोलीचा रंग उडालेला आहे. पण रात्री दोन मावश्या असतात आणि माझ्या घरापासून एका बसचा रस्ता आहे. मी आठवड्यातून तीनदा जाते. तिथले पैसे तिच्या आणि माझ्या जोरावर आणखी दोनेक वर्षं पुरतील, त्यापुढचं मला ठाऊक नाही. तिची खाट खिडकीशी आहे. रस्त्यावरनं शाळेची मुलं जातात, भाजीवाली ओरडते. परवा मला म्हणाली, "पुढच्या वेळी येताना माझी पितळी डबी आण. मी इथेच राहणार आहे ना आता."

तुमच्या ओळखीत कुणाला अशी मदत हवी असेल, किंवा कुणा ज्येष्ठाची हेळसांड होताना दिसली, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन नंबर आहे, वहीत लिहून ठेवा. आणि तुमच्या भागात अशी एखादी मधली जागा असेल, जिथे अंथरुणावरच्या बाईला ठेवून घेतात, तर आपल्या केंद्राला जरूर कळवा. आपण त्यांची एक यादी करू. येत्या निवडणुकीत नगरसेवक दारात येतील, तेव्हा ती यादी आपल्या हातात असू दे.